मातीच्या कार्डावर नसलेला रकाना

माननीय कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



श्रावणात मावळातल्या किंवा मुळशीतल्या एखाद्या भातखाचराच्या बांधावर उकिडवे बसावे आणि पाण्यावर नजर ठेवावी. थोड्या वेळाने चिखलातून एक बुडबुडा वर येतो आणि फुटतो. पाठोपाठ दुसरा येतो. बेणणी करणाऱ्या बाईचा पाय चिखलात रुतला, की तिच्या पोटरीभोवती बुडबुड्यांची माळच सुटते. विचारले तर ती सांगेल, खाली चिखल कुजतोय. तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. खाचरात पाणी उभे राहिले की चिखलातला प्राणवायू लवकरच संपतो. मग प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि धसकटे, पाला, शेणखत कुजवता कुजवता मिथेन सोडतात. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि माणसाच्या उद्योगांमुळे जगभर जेवढा मिथेन हवेत जातो त्याचा सुमारे दहावा हिस्सा भातशेतीतून जातो.

बुडबुडे डोळ्यांना दिसतात म्हणून लक्षात राहतात. बहुतेक मिथेन मात्र भाताच्या रोपातून, काही न दिसता निघून जातो. भाताच्या खोडात आणि मुळांत पोकळ हवानलिका असतात. चिखलात गुदमरणाऱ्या मुळांना वरचा प्राणवायू त्यांतून पोचतो आणि त्याच वाटेने उलट दिशेला मिथेन वर चढतो. पण मुळांच्या अगदी लगत, जिथे वरून आलेला प्राणवायू झिरपतो आणि चिखलातून मिथेन येऊन भिडतो, तिथे एक वेगळी वस्ती असते. या वस्तीतले जिवाणू मिथेन खाऊन जगतात. त्यांचे अन्नही तेच आणि इंधनही तेच. ते नसते तर भातखाचरांतून आजच्यापेक्षा कितीतरी जास्त मिथेन हवेत गेला असता.

या वस्तीचा माग काढण्याचे काम आपल्या कार्यालयापासून फार दूर चाललेले नाही. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांच्या साधर्म्यामुळे अनेकांची गल्लत होते. रस्ता सुधारकांच्या नावाचा आहे, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची. मालवणात जन्मलेल्या या माणसाने कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. तिच्याच संशोधन संस्थेला पुढे, १९९२ मध्ये, त्यांचे नाव मिळाले. याच संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवर संशोधन करतात.

रहाळकरांची या जिवाणूंशी ओळख जुनी आहे. जर्मनीत असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉन्स्टन्स सरोवराच्या काठच्या गाळातून असाच एक जिवाणू वेगळा काढला आणि २००७ मध्ये त्याचे नाव प्रसिद्ध केले: मिथायलोसोमा डिफिसिल. लॅटिनमध्ये डिफिसिल म्हणजे अवघड. हा जीव प्रयोगशाळेत वाढवणे किती जिकिरीचे होते ते त्याच्या नावातच कोरलेले आहे. नेहमीच्या जिवाणूंसाठी बशीत पोषकद्रव्यांचा थर ओतला की दोन दिवसांत ठिपके उठतात. मिथेनखाऊंना त्या मेजवानीत काडीचा रस नसतो. त्यांच्यासाठी बाटल्या बंद करून आत हवा आणि मिथेन भरावा लागतो. चिखलाचा नमुना दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत जावा लागतो आणि मग वाट पाहावी लागते. कधी आठवडे, कधी महिने. मध्येच एखादा उपरा जिवाणू बाटलीत शिरला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रहाळकर पुण्यात परतल्या तेव्हा उष्ण कटिबंधातल्या भातखाचरांतले हे जिवाणू जगात फारसे कुणी अभ्यासलेले नव्हते. भारतीय मातीतून वेगळे काढून जतन केलेली वाणे तर जवळपास नव्हतीच. आपला देश जगातल्या सर्वांत मोठ्या भात पिकवणाऱ्या देशांपैकी एक, आणि आपल्याच चिखलातल्या जिवाणूंविषयी बोलायचे तर युरोपातल्या तळ्यांचे दाखले द्यायचे, अशी ती स्थिती होती. रहाळकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम भारतातली भातखाचरे आणि पाणथळी धुंडाळून ही स्थिती बदलली. काकडीच्या आकाराचा एक नवा जिवाणू त्यांना भारतीय भातखाचरात सापडला. त्याचे नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी, म्हणजे शब्दशः भातातली मिथेन-काकडी. २०२० मध्ये संस्थेने मिथेन खाणाऱ्या जिवाणूंची ४५ वाणे वेगळी काढल्याचे जाहीर केले. या कामात उरुळीकांचनला मूळ असलेल्या बाएफ संस्थेचे राहुल बहुलीकरही सहभागी होते. यांतले जिवाणू भाताच्या रोपांना देऊन पाहिले तेव्हा मिथेन कमी सुटला आणि रोपांच्या वाढीवर चांगला, किंवा निदान काहीच वाईट नाही, असा परिणाम दिसला.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रयोगातल्या रोपांपासून मावळातल्या खाचरापर्यंतची वाट लांब असते. खाचरात पाऊस पडतो, बांध फुटतो, खेकडे बिळे करतात, वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते, आणि बाहेरून सोडलेल्या जिवाणूला आधीच वस्ती करून बसलेल्या कोट्यवधी जिवाणूंमध्ये जागा मिळवावी लागते. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली किती तरी जिवाणू खते शेतात हरली आहेत, ती याच कारणाने. म्हणून रहाळकरांच्या कामाचा जयजयकार करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ते काम शेताच्या बांधापर्यंत पोचावे आणि तिथे त्याची खरी परीक्षा व्हावी, एवढ्यासाठी लिहिले आहे. ती परीक्षा घेणे कुठल्याही एका संशोधकाच्या आवाक्यातले नाही. आपल्या विभागाच्या आवाक्यातले आहे.

आणि मुळात हा प्रश्न मिथेनपुरता नाहीच.

केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढ इथे मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. ती पत्रिका आज राज्यातल्या किती तरी घरांत, रेशनकार्डाशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली दिसते. तिच्यावर १२ गोष्टींची नोंद असते. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. योजना चांगली आहे. त्याआधी आपल्या जमिनीत काय आहे हे बहुतेक शेतकऱ्यांना दुकानदार सांगेल तेवढेच कळत होते. पण १२ रकान्यांचे ते कार्ड वाचताना वाटते, की आपण कुठल्यातरी कोठारातल्या मालाची यादी वाचतो आहोत. त्या कोठारात जे राबतात, माल फोडतात, पिकापर्यंत पोचवतात, त्यांची मोजणी कुठेच नाही. शेतकरी सहज बोलतो, ‘जमिनीत जीव राहिला नाही.’ त्याचे हे वाक्य जसेच्या तसे खरे आहे का, ते तपासायची सोय त्याच्या हातातल्या कार्डावर नाही.

रासायनिक खतांवर भिस्त असणाऱ्या शेतकऱ्यालाही या जीवांवाचून गत्यंतर नाही, हे फारसे बोलले जात नाही. युरियाचे उदाहरण घ्यावे. गोणीतल्या युरियात ४६ टक्के नत्र असते, पण पीक ते बहुतांशी तसेच घेत नाही. मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेले युरिएज नावाचे विकर आधी त्याचा अमोनिया करते. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि तिसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ही साखळी उलगडून दाखवली. स्फुरदाचेही तसेच. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत टाकलेला स्फुरद चुन्याला बांधला जातो आणि कोठारात असूनही पिकाला मिळत नाही. तो सोडवतात आम्ल स्रवणारे जिवाणू आणि बुरश्या. म्हणजे सेंद्रिय की रासायनिक या वादात शेतकरी कुठल्याही बाजूला उभा असो, ताट वाढणारे हात त्याच जिवाणूंचे आहेत.

ते किती आहेत? चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी. मात्र त्यांतले बहुसंख्य अजून कुठल्याही प्रयोगशाळेच्या बशीत वाढलेले नाहीत. नेहमीच्या पद्धतींनी शंभरांतला एखादाच वाढतो, बाकीचे फक्त त्यांच्या डीएनएवरून ओळखता येतात. रहाळकरांसारख्या संशोधकांची महिनोन्महिने चालणारी खटपट म्हणूनच मोलाची. डीएनएच्या यादीतून जिवाणूची हजेरी कळते. शेतात वापरायचा तर तो बाटलीत जिवंत हवा.

पुण्याला या विषयाचे वावडे कधीच नव्हते. १९०७ साली हॅरल्ड मान पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. पिंपळे सौदागर या त्या वेळच्या खेड्यातली जमीन, कर्ज आणि घरदार यांची पाहणी करून १९१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला ग्रंथ अर्थशास्त्रज्ञ आजही वाचतात. आज त्या गावात इमारतींच्या सावल्यांत शेत शोधावे लागते. मान यांचे दुसरे एक काम मात्र विसरले गेले. १९१२ मध्ये त्यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसोबत पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर एक प्रदीर्घ शोधनिबंध प्रसिद्ध केला. राब म्हणजे भाताची रोपे टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पाला, टहाळ पसरून ते जाळणे. कोकणात आणि मावळात राबावरची रोपे जोमाने येतात, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. का येतात, हा प्रश्न सरकारी महाविद्यालयातल्या माणसांनी गांभीर्याने घेतला आणि मातीत आचेने नेमके काय बदलते ते तपासले. शेतकऱ्याचे निरीक्षण खोटे मानायचे नाही आणि तपासल्याशिवाय खरेही मानायचे नाही, ही रीत शंभर वर्षांपूर्वी याच शहरात होती. कुठल्याही शेती खात्याने आधी तिचाच अंगीकार करावा.

आता जिवाणू खतांविषयी. मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात सोयाबीन पेरणारा शेतकरी ऱ्हायझोबियमचे पाकीट विकत घेतो. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचे, सावलीत वाळवायचे आणि लगेच पेरायचे. बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी. कृषी सहायक हे सांगतात आणि शेतकरी तसे करतोही. महिना-सव्वा महिन्याने त्याने एक झाड हलकेच मुळासकट उपटावे आणि मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी, तांबूस रंग दिसला तर गाठ कामात आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातभाईचा. तिथे जिवाणू हवेतला नत्र ओढून पिकाला देत असतात. गाठ पांढरट किंवा हिरवट निघाली, किंवा गाठीच नसल्या, तर पाकिटाचे पैसे वाया गेले. प्रयोगशाळा नाही, खर्च नाही, नख पुरते. ही तपासणी राज्यातल्या प्रत्येक शेतीशाळेत व्हायला हवी.

गाठी पांढऱ्या निघण्यात शेतकऱ्याचा दोष क्वचितच असतो. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूप बाटलीत दर मिलिलिटरला १० कोटी. हा आकडा कारखान्याच्या दारात पुरा असतो, असे धरून चालू. पण मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात आणि रस्त्याकडेच्या दुकानाच्या फळीवर, ४२ अंशांच्या उन्हात, ते पाकीट आठवडेच्या आठवडे पडून असते. जिवाणू जिवंत असतो आणि उष्णतेने मरतो. औषधाच्या दुकानात इन्शुलिनसाठी फ्रिज असतो. कृषी सेवा केंद्रात तशी व्यवस्था पाहायला मिळणे विरळाच. पुणे जिल्ह्यातल्या एका गावातल्या दुकानात, नाव सांगण्याचे कारण नाही, जिवाणूंची पाकिटे तणनाशकाच्या डब्यांना टेकवून ठेवलेली होती आणि त्यांवरची तारीख उलटून गेली होती. त्याच पाकिटातून शेतकऱ्याने विज्ञान विकत घ्यायचे, आणि ते फसले की तो म्हणणार, ‘जिवाणू-बिवाणू काही खरे नसते.’ एका मेलेल्या पाकिटामुळे संशोधनावरचा असा विश्वास उडाला, की तो परत मिळवायला दहा वर्षे लागतात.

तरी नुसते जिवाणू पुरवून भागत नाही. त्यांना खायला लागते.

या साध्या गोष्टीवर महाराष्ट्रातल्या काही माणसांनी आयुष्यभर विचार केला. कोल्हापूरचे शेतकरी-अभ्यासक प्रताप चिपळूणकर यांनी नांगरट सोडली. आधीच्या पिकाची मुळे आणि खोडके जमिनीतच कुजू दिली, तर त्यांवर जगणारे सूक्ष्मजीव जमिनीची घडण सुधारतात, हे ते स्वतःच्या उसात आणि भातात पाहत आले आणि लिहीत राहिले. पुण्यात आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये समुचित ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘आरती’ ही संस्था काढली. महर्षी कर्व्यांचा नातू, इरावतीबाईंचा मुलगा, पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे अनेकांना धाडसी वाटले: मातीत खनिजे भरपूर आहेत, ती पिकाला मिळवून देणारे जिवाणू उपाशी आहेत, म्हणून त्यांना हेक्टरी काही किलो साखर किंवा तितकेच पौष्टिक काही द्या. जीवामृतात गूळ आणि डाळीचे पीठ पडते, त्याचाही अर्थ त्यांनी याच अंगाने लावला. कर्व्यांचे म्हणणे सर्व जमिनींत, सर्व पिकांत टिकेल असे मानण्याइतका पुरावा अजून गोळा झालेला नाही. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांच्या जमिनी वेगवेगळ्या आहेत, माणसे आहेत, प्रक्षेत्रे आहेत. एका मराठी शास्त्रज्ञाने मांडलेला, कमी खर्चाचा आणि सहज तपासता येण्याजोगा हा विचार चारही ठिकाणी सलग पाच वर्षे तपासून त्याचा एकदाचा निकाल लावायला हवा.

उसाच्या पाचटाची गोष्ट त्याहून सोपी आहे आणि तिला पुराव्याची वाट पाहण्याची गरज नाही. दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर या तालुक्यांत तोडणीनंतर फडाला काडी लावण्याची सवय गेलेली नाही. जिवाणूंच्या वर्षभराच्या अन्नाचा एका संध्याकाळी धूर होतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये पाचट कुजवणारी संवर्धके आणि उसासाठी अ‍ॅसिटोबॅक्टरसारखी जिवाणू खते तयार होतात. उसाच्या आत राहून नत्र पुरवणारा हा जिवाणू ब्राझीलमध्ये योहाना ड्योबेरायनर यांच्या चमूने १९८८ मध्ये वर्णन केला होता, आणि आज तो मांजरीहून आपल्या उसापर्यंत येतो. पाचट जाळणारा शेतकरी आणि मांजरीची प्रयोगशाळा यांच्यात फार तर दोन तासांचा रस्ता आहे.

भातात मात्र अन्नाची ही गोष्ट उलटीही फिरते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात तुडवतात. त्याने भाताला नत्र मिळते आणि माती सुधारते. पण पाण्याखालच्या चिखलात पडलेला तोच कोवळा पाला मिथेन तयार करणाऱ्या जीवांनाही पोसतो. जमिनीला खाऊ घालावे तर हवेत मिथेन जास्त जाणार, न घालावे तर जमीन खंगत जाणार, असा पेच उभा राहतो. आणि रहाळकरांच्या बाटल्यांचे महत्त्व नेमके इथे येते. मुळांजवळचे मिथेनखाऊ बळकट झाले, तर पाला तुडवूनही मिथेन वाटेतच अडवता येईल. दुसरी वाट नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी दाखवली. त्यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणीच करत नाहीत. गादीवाफे कायम ठेवतात, आधीच्या पिकाची मुळे आत राहू देतात आणि भात टोकून लावतात. खाचरात पाणी कोंडले नाही की मिथेनही कमी. या दोन वाटांतली कुठली मावळाला, कुठली भोरला आणि कुठली भंडाऱ्याला लागू पडेल, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. मोजणी कुणीतरी करायला हवी आणि ती वर्षानुवर्षे करायला हवी.

साहित्य सगळे या शहरात आहे, आयुक्त. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या छत्राखाली २००९ मध्ये डॉ. योगेश शौचे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सूक्ष्मजीवांचा संग्रह आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखला जातो. दीड लाखाहून अधिक जिवाणू जपणारा हा संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह तर १९५१ पासूनचा. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जिवाणू संवर्धके तयार होतात. आघारकर संस्थेचे प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळ इथे आहे आणि एमएसीएस नावाची तिची सोयाबीन वाणे शेतकरी पेरतात. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवू शकेल असे कार्यालय या शहरात एकच आहे, ते आपले.

म्हणून हे पत्र आपल्याकडे तीन गोष्टी मागते. पहिली, मृद आरोग्य पत्रिकेच्या जोडीने, आधी काही निवडक गावांत, मातीचा श्वास मोजावा. ओलसर माती बरणीत बंद करायची, आत दाहक सोड्याची छोटी वाटी ठेवायची आणि जिवाणूंनी दिवसभरात सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या सोड्यात किती मुरला ते दुसऱ्या दिवशी ब्युरेटने पाहायचे. जिल्ह्याच्या कुठल्याही माती प्रयोगशाळेत हे जमते. एका वर्षीच्या आकड्याने फार काही सिद्ध होणार नाही. पण त्याच शेताचा आकडा पाच वर्षे नोंदला, तर पाचट जाळणाऱ्याचे शेत आणि कुजवणाऱ्याचे शेत यांतला फरक शेतकरी स्वतः वाचू शकेल. दुसरी, जिवाणू खतांचे नमुने कारखान्याबरोबरच दुकानाच्या फळीवरूनही उचलावेत, तेही मे आणि जूनमध्ये, आणि निकाल दुकानाच्या नावासह तालुक्याच्या फलकावर लागावा. विक्रीचा परवाना देताना पाकिटे थंड जागी ठेवण्याची अट घालावी.

तिसरी मागणी खर्चिक आहे आणि सगळ्यांत महत्त्वाची. मिथेन खाणाऱ्या जिवाणूंची प्रत्यक्ष खाचरातली परीक्षा पुढच्या लावणीपासून सुरू व्हावी. मावळ, मुळशी, भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या चार तालुक्यांत शेतकऱ्यांच्या संमतीने खाचरे निवडावीत. काहींत चिखलणी, काहींत सगुणा पद्धत, काहींत जिवाणू, काहींत काहीच नाही. प्रत्येकात वायू पकडण्याच्या पेट्या बसवाव्यात, मिथेनबरोबर इंद्रायणी भाताचे उत्पन्नही मोजावे आणि तीन-चार हंगाम हात आखडता घेऊ नये. नुकसान झाले तर शेतकऱ्याला भरपाई मिळावी, कारण प्रयोगाची जोखीम त्याच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. निकाल काहीही लागो, तो मराठीत, गावच्या चावडीवर वाचून दाखवावा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी दिली आणि मावळच्या शेतकऱ्याने ती घरोघर नेली. संशोधन कामाचे असेल तर तो आजही पुढे येईल.

रहाळकर आणि त्यांच्यासारखे संशोधक बाटल्यांसमोर वाट पाहायला तयार आहेत. खाचर आणि बाटली यांच्यामध्ये जो सरकारी टेबलांचा प्रवास असतो, तो मात्र त्यांच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. आघारकर संस्थेच्या दारातून निघाले तर मुळशीचे पहिले भातखाचर तासाभराच्या वाटेवर आहे.

कळावे.

एक पुणेकर